सपरीतले पाच महिने

गावची आशा सेविका दुर्पता कागद घेऊन आली तेव्हा मी अंगणात लाखोळीची डाळ निवडत होते. माझी नात रिंकी नुकतीच चौदाची झाली. तिच्या वयाच्या मुलींना उद्या आरोग्य केंद्रात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून बचावाची लस मिळणार होती, फुकट. बापाची सही तेवढी हवी होती.

टिकेश, माझा मुलगा, कागद वाचून म्हणाला, "एवढ्याशा पोरीले असली सुई कायले? उद्या सोयरीक जमवताना लोक काय म्हणतील?"

"लोक तं माह्या घरोघरी फिरण्यावरही बोलतात," दुर्पता म्हणाली. "भाऊ, याचा विषाणू पुढं नवराबायकोच्या संबंधातून लागते. तो लागाच्या आधी सुई घेतली तं जास्त फायदा. म्हणून आता."

संबंध हा शब्द ऐकताच सून उठून आत गेली. मी नजर डाळीवर खिळवली. दुर्पता माझ्याकडे वळली. "आजी, तुमी तरी सांगा याले."

"आमच्या घरात असला आजार कोणाले झाला नाई बा," मी म्हणाले.

"पाह्य, माय बी तेच म्हणून राहिली." टिकेशने कागद परत दिला.

दारात उभी असलेली रिंकी "बरं" म्हणाली आणि आत वळली. माझ्या शब्दावर तिने इतका सहज विश्वास ठेवला की मला बसवेना.

"थांब दुर्पता," मी म्हणाले. "खोटं बोलले मी. सुखवंता यानंच गेली."

सुखवंता माझी धाकटी जाऊ. तिला मूल नव्हतं. टिकेशला मी जन्म दिला, पण तो तिच्याच मांडीवर वाढला. सणाला पुऱ्यांसारख्या सुवाऱ्या तळाव्या तर तिनेच. पहिली फुगली की फुंकून त्याच्या हातात. ती गेली तेव्हा तो गोंदियाला होस्टेलात शिकत होता. काकी पोटात गोळा होऊन गेली, असं मी त्याला सांगितलं होतं. पंचवीस वर्षं तो तेच धरून होता.

"पाळी थांबून दोन वर्षं झाली होती तिची," मी सांगू लागले. मुलासमोर हे शब्द कधी तोंडातून निघाले नव्हते. "जेठात रक्त जाऊ लागलं. मी म्हणलं, पाळी परत आली. घरात विटाळ नको म्हणून तिले मागच्या सपरीत, त्या उघड्या पडवीत, बसवलं. ताट वेगळं, गिलास वेगळा. रक्त थांबेना अन् मी तिले आत घेईना."

"किती दिवस?" टिकेशने विचारलं.

"दिवाळीपर्यंत. पाच महिने."

"अन् धानाचा रोवणा?"

"रोवण्याले नेत होते. शेताले विटाळ नाई लागत."

दुर्पताने हातातली वही मिटली.

"वास येत होता," मी म्हणाले. "मी तिले उदबत्ती लावाले सांगितलं. एकदा ती म्हणाली, बाई, तिरोड्याच्या डाक्टरीणबाईले दाखवू का? मी म्हणलं, असली जागा दाखवाले लाज नाई वाटत काय तुले? मंग तिनं कधी नाई विचारलं. शेवटी नागपूरले नेली, तं डाक्टरनं विचारलं, इतके दिवस काय करत होता तुम्ही? मी म्हणलं, आताच समजलं."

टिकेशने दुर्पताच्या हातून कागद घेतला, भिंतीला लावून सही केली आणि दिला. "उद्या मी घेऊन येतो तिले."

दुर्पता गेली. तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"काकीनं मले बोलावलं होतं काय?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"रोज," मी म्हणाले. "आला असता तं कायचा आजार हे समजलं असतं तुले. म्हणून मीच नाई बोलावलं."

तो उठला आणि शेतातल्या बांधीकडे निघून गेला. जेवायलाही आला नाही.

सकाळी रिंकी तयार होऊन गाडीवर बसली. मीही लुगडं बदलून बाहेर आले. पोरीला सुई टोचताना तिचा हात धरावा, इतकंच मनात होतं.

"माय," टिकेश गाडी सुरू करत म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "तू नको येऊ."