एसडीबी हे माझं नाव नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू हळव्या होतात म्हणे. मी हळवी नाही, चिडलेली आहे. का, ते ऐकलंत तर तुम्हीही चिडाल.

कारखान्यातून मी बोरिवलीच्या एका वाचनालयात आले. तिथल्या लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला मला जोडलं, माझ्या आतली जागा नीट आखली, तेव्हा मला छत्तीस अक्षरांचा एक ओळख क्रमांक मिळाला. तसा दुसऱ्या कुणाचाही नाही. शिवाय हाक मारायला एक नाव ठेवलं, 'दर्शना'.

हे नाव दर्शना रेडकर यांचं. त्या अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचायच्या आणि ते वाचन माझ्यात साठवलं जायचं. अर्थशास्त्र वाचतानाही त्यांचा मालवणी हेल लपत नसे. नऊ वर्षांत दोनशे चौदा पुस्तकं झाली. गेल्या वर्षी घशाची शस्त्रक्रिया झाली आणि ताईंचा आवाज कायमचा गेला. आता तो फक्त माझ्यापाशी आहे.

एवढी जोखीम जिच्या पोटात, तिच्यावर लोकांनी काय ठेवावं? कटिंगचा ग्लास! दसऱ्याला झेंडूचं फूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवसापासून चहाचे डाग पाडायचे. माझी दुसरी प्रत काढायची, हे दरवर्षी सभेत ठरायचं आणि सभेतच राहायचं.

अखेर या मार्चमध्ये एक नवी डिस्क आली. ती तयार करून माझी प्रत काढायला सुयोग आला. तो अंधेरीच्या एका कंपनीत संगणकाचंच काम करतो. शेजारी प्रांजल बसली होती. तिला दिसत नाही. सोमवारी तिचा अर्थशास्त्राचा पेपर होता आणि ताईंच्या आवाजातले धडे तिला फोनवर घ्यायचे होते.

आता लिनक्सची एक रीत ऐका. बाहेरून लावलेली जी डिस्क त्याला आधी दिसेल, तिला तो इथे एसडीबी म्हणतो, नंतरचीला एसडीसी. ही रांगेतली जागा झाली, नाव नव्हे! सकाळी नवी डिस्क आधी दिसली. सुयोगने चिठ्ठीवर लिहून ठेवलं, 'नवी एसडीबी, जुनी एसडीसी'. मग टेबल सरकवताना आमच्या दोघींच्या वायरी निघाल्या. परत लावल्या, तर मी आधी जागी झाले. म्हणजे आता एसडीबी मी! सुयोगने चिठ्ठी पाहिली, आम्हाला पाहिलं नाही, आणि एसडीबी पुसून नव्याने आखायचा हुकूम सोडला.

हा संगणक पडद्यावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवतो.

"हा आवाज बंद कर ना यार, डोकं उठतं," सुयोग म्हणाला.

"राहू दे रे. मला कसं कळणार मग?"

तेवढ्यात संगणक बोलला, "इथे आधीच 'दर्शना' नावाची साठवण आहे. तरीही पुढे जायचं?" सुयोगचं बोट सवयीने 'हो'कडे निघालं.

"थांब!" प्रांजल ओरडली. "दर्शना म्हणाला तो! नवी कोरी आहे ना ती? मग तिच्यावर ताईंचं नाव कसं?"

सुयोगने हात मागे घेतला. आणि त्यानंतर हा माणूस काय म्हणाला असेल? "वाट लागली असती. जुन्या डिस्कचा हाच वैताग असतो!" चोर सोडून संन्याशाला फाशी! चूक कुणाची, आणि वैताग माझा?

प्रांजलने त्याला तिथेच अडवलं. "तिला काही बोलू नकोस. नंबर सांग तिचा."

"अगं, छत्तीस अक्षरं आहेत. दर वेळी कोण वाचत बसणार?"

"तू नको वाचूस. मी वाचते."

सुयोग एकेक अक्षर सांगत गेला. तिने जाड कागदावर ते ब्रेलमध्ये टोचलं आणि ती पट्टी माझ्या पाठीवर चिकटवली. मग तिने पट्टीवरून बोट फिरवत सगळी अक्षरं म्हटली, सुयोगने ती पडद्यावर ताडून पाहिली, उरलेली ती नवी हे ठरवून तिला आखलं, आणि तेव्हा कुठे माझी प्रत निघायला लागली.

मित्रांनो, जिच्या पोटात कुणाचा आवाज आहे, तिची दुसरी प्रत वेळेवर काढा. आणि पुसण्याआधी समोर काय लिहिलंय ते वाचा. तुम्हाला तर डोळे आहेत.