हळू फिरणारी चाकं

मित्रांनो, जरा दमानं घ्या. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हल्ली माझं बटण दाबलं की आधी माझं कण्हणं ऐकू येतं आणि मग गोष्ट.

दुकानाच्या काचेमागे होतो तेव्हा वाटायचं, एखाद्या हौशी घरात जाऊ, गाणी वाजवू, लोक डोक्यावर घेतील. पण नशिबी आल्या बाई. कलाकारांच्या आयुष्याच्या गोष्टी गोळा करणं हे त्यांचं काम. कुंभार, मुखवटे करणारे, बाहुल्या नाचवणारे, अशांच्या घरी त्या दिवसच्या दिवस बसायच्या. मला कोपऱ्यात चालू करून ठेवायच्या आणि स्वतः घरच्यांबरोबर भाजी निवडू लागायच्या. प्रश्न विचारला की माणूस भाषण ठोकतो, शेजारी बसलं की बोलतो, असं त्या म्हणायच्या. म्हणून माझ्या पोटात भांड्यांची आदळआपट, खोकला, शेजारणीची कटकट, सगळंच जायचं. गाणी वाजवणाऱ्या माझ्या भावंडांचा मला फार हेवा वाटायचा.

सगळ्यात जास्त दिवस आम्ही पेंटरकाकांकडे काढले. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. लांब रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. मग बोलणं अर्ध्यावरच थांबे आणि रेघ संपली की राहिलेलं वाक्य पुरं होई. त्या गप्प जागांतही बाईंनी मला कधी बंद केलं नाही.

तोवर हिंडून हिंडून माझ्या आतला रबरी पट्टा सैल पडला होता. चाकं हळू फिरायची. तेव्हा बाईंना ते कळलं नाही, कारण ज्या चालीनं मी आवाज टिपायचो त्याच चालीनं ऐकवायचो.

पुढे बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या सत्काराला मला टेबलावर मांडलं होतं, तेवढंच काय ते माझं कौतुक. मग कॅसेटी त्यांच्या संस्थेच्या कपाटात आणि मी कपाटावर. धूळ खात किती वर्षं गेली, मोजायचं त्राणही उरलं नाही.

एक दिवस पेंटरकाकांची मुलगी आली. काका गेले तेव्हा ती लहान होती. बाबांचा चेहरा फोटोत आहे, पण आवाज कुठेच नाही आणि आता तो आठवतही नाही, असं ती संस्थेच्या साहेबांना सांगत होती. साहेब भला माणूस. त्यांनी बाईंनाही बोलावून घेतलं आणि नव्या यंत्रात कॅसेट घातली.

आतून चिमणीसारखा चिवचिवाट आला. भराभरा, लगबगीनं. मुलीचा चेहरा पडला.

"हे माझे बाबा नाहीत," ती म्हणाली.

कॅसेट खराब झाली असावी, असं म्हणत साहेब ती काढू लागले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला स्वतःचा आवाज कुठला? मी आयुष्यभर दुसऱ्यांच्याच आवाजात बोललो. तेवढ्यात बाईंनी वर पाहिलं.

"तो म्हातारा खाली काढा बरं," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मला पुसलं. माझी घरघर ऐकून ते म्हणाले की आधी नवा पट्टा टाकून आणू. बाईंनी त्यांचा हात धरला. "त्याला हात लावू नका. तो तेव्हाही असाच हळू चालत असणार, म्हणून हे आवाज त्याच्यातच नीट लागतील."

चाकं कुरकुरली. माझा जीव मुठीत होता. पट्टा तुटला असता तर सगळंच संपलं असतं. पण जाडसर, संथ आवाज आला.

"पोरगी शाळेतून यायची वेळ झाली, बाई. तिला अजून..."

पुढे काहीच नाही. नुसती खरखर. साहेबांना वाटलं, मी बंद पडलो. मुलीनं मात्र हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं स्वतःचाही श्वास रोखून धरला होता. रेघ संपेपर्यंत तिनं तो सोडला नाही.

"...सरळ रेघ जमत नाही. पण वाकडी काढते ना, तीच मला आवडते."

ती रडली. मग फोन माझ्याजवळ धरून म्हणाली, पुन्हा लावा.

मित्रांनो, मी फार थकलोय. कपाटात अजून पुष्कळ माणसं आहेत आणि माझा पट्टा आज आहे, उद्या नाही. तुमच्या घरातही कुणी हळू बोलत असेल, मध्येच थांबत असेल. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. रेघ चालू असते.