ओठाला कळलेली खाच

मित्रांनो, मी बॅटरीच्या केबलच्या टोकाला असते तशी एक जुनी पिन आहे. पेराएवढी, काळी, गुळगुळीत.

मला घडवणारी बाई ऑक्सिजनची मशीन बनवणाऱ्या कारखान्यात डिझायनर होती. तिने महिनोन्महिने खपून मला लहान आणि सुबक केले. माझ्या काठावर एक बारीक खाच होती. ती वर धरली, तरच मी मशीनमध्ये बसत असे. "किती नाजूक झाली आहे!" असे म्हणत साहेबांनी मला सगळ्यांना दाखवले. मी फुगून गेले.

पहिल्या तुकडीतले एक मशीन तिने आपल्या वडिलांसाठी घरी आणले. त्यांची फुप्फुसे थकली होती. वीज गेली की मला मशीनला जोडायचे, म्हणजे बॅटरी सुरू व्हायची. हे काम लेकच करायची.

एका दुपारी ती कारखान्यात असताना वीज गेली. मशीन किंचाळू लागले. घरात वडिलांजवळ आई एकटीच होती. संधिवाताने तिची बोटे वाकली होती, टोके बधिर झाली होती. तिने लेकीला फोन लावला आणि मला उचलले. मी निसटून खाटेखाली गेले. गुडघे टेकून तिने मला ओढून काढले.

"आई, खाच वर कर!" फोनमधून लेक ओरडली.

"कुठली खाच? मला काही दिसत नाही गं!"

"काठावर बघ, बारीक आहे."

"अगं, मग बारीक कशाला केलीस?"



आईने मला आधी उलटे दाबले, मग आडवे. वडिलांचे ओठ निळसर पडू लागले होते. तरी त्यांनीच हाताने 'सावकाश' अशी खूण केली. मी आत शिरायला तडफडत होते. माझा आकारच मला आडवा येत होता.

मग आईने मला खालच्या ओठावरून हळूहळू फिरवले. बोटांना न कळलेली खाच ओठाला कळली.

"सापडली!"

मी खट्कन बसले. मशीन घुमू लागले. वडिलांची छाती वरखाली होताना पाहून आई तिथेच जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी लेकीने घरी दुसरी केबल ठेवली, तिच्या खाचेच्या बाजूला हाताला कळेल अशी जाड चिकटपट्टी लावली आणि मला कारखान्यात नेले. साहेबांच्या हातांत तिने जाड हातमोजे चढवले. "डोळे मिटा आणि लावा," ती म्हणाली.

साहेबांनी चारदा खटपट केली. "कशी लावायची ही?" ते वैतागले.

"काल माझे वडील वाट बघत होते, साहेब."

नवी पिन घडायला आठ महिने लागले. ती अंगठ्याएवढी जाड आहे, पकडायला खरखरीत आहे आणि कशीही धरली तरी बसते. आईने ती डोळे मिटून एका हाताने लावली.

"झालं? एवढंच?"

"एवढंच," लेक म्हणाली आणि तिने आईचे वाकडे हात आपल्या हातांत घेतले.

मित्रांनो, मी आता खणात पडून असते. माझी तक्रार नाही. पण उद्या तुम्ही काही घडवलेत, तर ते आधी एखाद्या थकलेल्या हातात देऊन बघा. तो हात चाचपडला, तर त्याच्यावर चिडू नका. चूक माझ्यासारखीची असते.