घरात गमबुटांची एकच जोडी

"नऊ हजार व्होल्टाचा झटका खाऊन डुक्कर मेलं का? नाई मेलं. मंग दोनशेतीसनं काय होते?"

बाबारावचं म्हणणं एवढंच होतं. राळेगावच्या अलीकडे, नाल्याकाठी त्याची दीड एकर तूर. रानडुकरांनी पाच दिवसांत अर्धी लोळवली होती. कुंपणाच्या तारेत नऊ हजार व्होल्टाचे झटके सोडणारं झटका मशीन होतं, पण ते बंद पडलं होतं आणि दुकानदार आठ दिवस थांब म्हणत होता. म्हणून बाबारावनं पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून दोनशेतीस व्होल्टाची वायर ओढून थेट कुंपणाच्या तारेला जोडली.

नंदाबाई नवऱ्यावर चिडली. "आधी ममतीले इचारा. पोरगी आयटीआयत वायरमनचं शिकून राह्यली, ते कायले?"

"तिनंच तं फोनवर सांगतलं! मशीन आनलं तवा म्हने, बाबा, नुसत्या व्होल्टाले भेऊ नका."

"अन् पुढं काय म्हने?"

"पुढं रेंज गेली."

"तुमची रेंज नेमकी कामाच्याच टायमाले जाते."

"अवो, हात लावून पाह्यला मी. मुंग्या बी नाई आल्या."

हात त्यानं खरंच लावला होता. भर दुपारी, कोरड्या बांधावर, पायात रबरी गमबूट. घरात जोडी एकच. तुरीत साप निघतात म्हणून नंदाबाईनंच ती त्याला घालायला लावली होती. ती अनवाणी फिरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती त्याचा डबा घेऊन आली. दव पडून काळी माती भिजली होती. वायर जोडलेलीच होती. काढायची गरज बाबारावला वाटली नव्हती. रात्र सरल्यावर ती काढली असेल असं समजून नंदाबाईनं रोजच्यासारखी वाकून खालची तार हातानं उचलली. चाळीस पावलांवरून बाबारावनं डबा पडल्याचा आवाज ऐकला.

पोलिसांनी पंचनामा केला, बाबाराववर गुन्हा नोंदवला. तेरवी झाल्यावर पाहुणे गेले. मग त्यानं लेकीला समोर बसवलं.

"मले समजावून सांग. नऊ हजारानं डुक्कर मरत नाई, अन् तुही माय दोनशेतीसनं काहून गेली?"

"मशीनचा झटका पापणी लवायच्या आत संपते, बाबा. लाइनीचा करंट चालूच राह्यते. व्होल्ट म्हंजे ढकलनारा जोर. पन मारते करंट. आंगातून तो किती जाईन, ते अडथळ्यावर. अडथळा जास्त, तं करंट कमी."

"अडथळा कायचा?"

"कोरड्या चामडीचा. कोरड्या मातीचा. रबराचा."

बाबाराव दाराकडे पाहत राहिला. तिथं गमबूट उभे होते.

"मी हात लावला तवा पायात ते होते."

"हो."

"तिच्या पायात असते तं?"

ममतानं व्होल्ट भागिले अडथळा हा भागाकार, आईच्या पायात बूट धरून, गावाकडे येताना एसटीतच करून पाहिला होता. दोनदा. आणि त्या दिवशी रेंज गेल्यावर आपण परत फोन लावला नाही, हेही तिला आठवत होतं.

"सांगता येत नाई, बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव डुकरं हाकायला निघाला. हातात नंदाबाईचा चेपलेला डबा आणि तो वाजवायला काडी. पाय उघडे. ममता बूट घेऊन बांधापर्यंत मागे धावली.

"बाबा, साप असते. घाला."

त्यानं मागं पाहिलं, पण हात पुढं केला नाही.

"ठिऊन दे," तो म्हणाला. "तुले कामाले लागतीन."