मेसेज कुणाला जातो

"पत्ता बदलला की मेसेज जाईल," सेवा केंद्रातली ऑपरेटरबाई म्हणाली.

"कुणाला?" शिंपीणबाईने विचारलं.

"आरोग्य कार्डावरच्या नंबराला. शेवटी सत्तेचाळीस."

सत्तेचाळीस म्हणजे तिचा नवरा. कार्ड काढलं तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून कुटुंबप्रमुखाचा नंबर टाकलेला. त्याच कुटुंबप्रमुखाच्या मारातून सुटून, लेकीला घेऊन ती इथे येऊन लपली होती. आता सरकारच त्याला घरबसल्या पत्ता कळवणार. याला म्हणे तत्पर सेवा!

"पूर्ण पत्ता जातो?"

"खोली नंबरासकट."

"मग आधी नंबर बदला ना, ताई."

"त्याचा ओटीपी जुन्या नंबरावर जातो. घ्या मागून."

"त्याच्याकडून?"

"नाहीतर अर्ज करा. पंचेचाळीस दिवस."

लेकीचं इन्सुलिन चार दिवसांचं उरलं होतं, आणि कार्डावर इथला वॉर्ड चढल्याशिवाय दवाखाना बाटली द्यायला तयार नव्हता.

"अहो बाई, संसार नंतर मांडा!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "आम्हालाही पोरंबाळं आहेत."

"मला एकच आहे," ती वळून म्हणाली. "तिच्यासाठीच उभी आहे."

कुणाचं काही चुकलं नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं. तिला घाम फुटला होता तो त्यामुळेच.

"ताई, दवाखान्यातलं यंत्र पत्त्यातलं काय तपासतं?"

"फक्त वॉर्ड."

"हे केंद्र कुठल्या वॉर्डात?"

"तुमच्याच."

"मग इथलाच पत्ता टाका."

ऑपरेटरबाईने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "माझी नोकरी जाईल, बाई."

"आणि माझं काय जाईल?"

ऑपरेटरबाईने कीबोर्ड जवळ ओढला. मग बोटं चालू लागली. "खोली नंबर?"

"तुमच्या साहेबांच्या केबिनचा. येऊ दे त्याला. बसेल टोकन घेऊन."

ऑपरेटरबाईला हसू आलं आणि तिने बटण दाबलं. मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी बाटल्याही मिळाल्या.

पण पत्ता खोटा असला तरी वॉर्ड खरा होता. वॉर्डात दवाखाना एकच, आणि लेकीला इन्सुलिन लागतं हे नवऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

"यापुढे दवाखान्यात जाताना तू पुढे चालायचं, मी मागून नजर ठेवत येईन," तिने लेकीला बजावलं. "कुणी नावाने हाक मारली तर वळायचं नाही."

"बाबांनी मारली तर?"

"तर पळायचं."