एकशे साठ डॉलरचा फलक

मित्रांनो, माझं तोंड सध्या भिंतीकडे आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. मी एक जुना प्लायवूडचा फलक आहे. तुमच्या वर्गाच्या दाराएवढा उंच, अंगावर निळा रंग, आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत एका बाईचं नाव. ते नाव आता भिंतीला टेकलेलं आहे.

न्यू मेक्सिकोतल्या सालित्रे गावात, एका गॅरेजमध्ये माझा जन्म झाला. लाझारो आजोबांनी मला घडवलं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. माझ्या कडा त्यांनी इतक्या निगुतीने घासल्या की हात फिरवला तर कुसळ लागू नये. का, तर त्यांची मुलगी देल्फिना नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभी राहणार होती.

देल्फिना शाळेची बस चालवते. गंमत पाहा, तिची स्वतःची मुलगी नयेली त्या बसमध्ये बसू शकत नाही. शाळेपासून मैलाच्या आत घर असेल तर मुलांनी चालत यायचं, असा नियम आहे. चालत जायचं म्हणजे खाणीचा रस्ता ओलांडायचा. त्या रस्त्यावरून दिवसभर खडीचे ट्रक धावतात आणि चौकात सिग्नल नाही. देल्फिना रोज सकाळी दुसऱ्यांची चाळीस मुलं सांभाळून नेते, आणि त्या सगळ्या वेळात तिचं अर्धं लक्ष त्या चौकात असतं. तिला निवडून यायचं होतं ते एवढ्या एका सिग्नलसाठी.

पण बस चालवणाऱ्या बाईकडे निवडणुकीला पैसे कुठून येणार? त्यावर सालित्रेत एक चांगली सोय होती. आपल्या प्रभागातल्या दोनशे मतदारांकडून पाच-पाच डॉलर आणि त्यांच्या सह्या आणायच्या, की बाकीचा खर्च गावाच्या तिजोरीतून मिळे. बदल्यात उमेदवाराने लिहून द्यायचं, की मी अठरा हजारांच्या वर एक डॉलरही खर्च करणार नाही. सक्ती मुळीच नव्हती. ज्याला गावाचा पैसा नको, त्याने शब्द देऊ नये आणि हवा तेवढा खर्च करावा.

देल्फिनाने शब्द दिला. तिच्या खर्चाचा हिशेब ठेवायला वेर्नाबाई पिकेट आल्या. त्या पूर्वी वाचनालयात होत्या, आणि अजूनही सगळ्यांना कुजबुजायला लावत.

"कोणी पातेलंभर शिजवलेला राजमा आणला, तरी मला त्याची किंमत सांगायची," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "फुकट आलेली वस्तूसुद्धा खर्चात धरतात."

"मग माझ्या शिंकेचीही पावती फाडा," आजोबा म्हणाले.

"शिंक मोठी असेल तर फाडीन, लाझारो."

ते माझे सुखाचे दिवस होते. मी चौकात उभा असे. येणारी-जाणारी माणसं थांबून म्हणत, "काय अक्षर आहे म्हाताऱ्याचं!" मुलं माझ्या सावलीत उभी राहून ट्रक जायची वाट बघत. देल्फिना त्या वेळी एकसष्ट मतांनी हरली, पण रडली नाही. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी."

मग चार वर्षं मी गॅरेजमध्ये पडून होतो. माझ्यासमोर मिरच्या भाजायचं पिंप ठेवलं, मग नयेलीची लहान झालेली सायकल. कोणी माझ्याकडे बघेना. मला त्याचं फार वाईट वाटे. आज वाटतं, तेव्हा मला तसंच विसरले असते तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या निवडणुकीच्या दोन वर्षं आधी नयेलीचं दप्तर ट्रकखाली गेलं. फक्त दप्तर. आठ वर्षांची पोर, पट्टा खांद्यावरून निसटला म्हणून वाचली. देल्फिनाने ते चपटं झालेलं दप्तर टाकून दिलं नाही. ते गॅरेजमध्ये माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगलं. डबा आत तसाच होता.

या वेळी तिच्यासमोर खाणीचे मालक रॉय केल्टन स्वतः उभे राहिले. देल्फिनाने पुन्हा तोच शब्द दिला, त्यांनी दिला नाही. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. ऑक्टोबर लागला तसं त्यांचं नाव गावभर झालं, रस्त्याच्या फलकांवर, रेडिओवर, रोजच्या टपालात. देल्फिना मात्र बस उभी करून दारोदार फिरत होती. तरी लोक तिच्या बाजूचे होते. पाच-पाच डॉलर देताना बायका तिचा हात दाबत. शेवटच्या आठवड्यात वेर्नाबाईंनी वही मिटली आणि सांगितलं, "अकरा डॉलर उरलेत. आता चहासुद्धा घरून पिऊन यायचं."

हे आजोबांना सहन होईना. चौकात केल्टनसाहेबांचे पाच फलक उभे आणि लेकीचा एकही नाही! एका सकाळी देल्फिना बसवर गेली असताना त्यांनी मिरच्यांचं पिंप बाजूला सारलं आणि माझ्यावरची धूळ झटकली.

"चल बाबा," ते मला म्हणाले. "तुझे पैसे तर केव्हाच देऊन झालेत. तू घरचा आहेस."

त्यांनी जुनं वर्ष खोडून नवं लिहिलं, अक्षरांवर पिवळा हात फिरवला आणि मला चौकात नेऊन रोवलं. ब्याऐंशी वर्षांचे आजोबा, खड्डा स्वतः खणला. मित्रांनो, मी त्या दिवशी किती फुगलो होतो म्हणून सांगू! ऊन पडलं होतं, गावभर भाजलेल्या मिरच्यांचा वास होता, आणि मला वाटलं, आपण पुन्हा कामाला आलो.

दुपारी एका माणसाने गाडी थांबवून माझे फोटो काढले. मी ताठ उभा राहिलो. मला वाटलं, अक्षर आवडलं असेल.

तो केल्टनसाहेबांचा वकील होता.

तीन दिवसांनी निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं. वेर्नाबाईंनी ते गॅरेजच्या दारात उभं राहून वाचलं. मागच्या निवडणुकीची वस्तू या निवडणुकीत वापरली, तर तशी वस्तू आज करायला जे पैसे पडतील तेवढा खर्च धरायचा, असा नियम होता. माझी किंमत निघाली एकशे साठ डॉलर. उरले होते अकरा. देल्फिनाने मर्यादा ओलांडली होती. राहिलेली मदत बंद, वर दंड.

"पण तो जुना आहे!" आजोबा म्हणाले. "एकदा विकत घेतलेलं लाकूड पुन्हा कसं विकत घ्यायचं? मला सांगा ना, कसं?"

"मला विचारायचं होतंत, लाझारो," वेर्नाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा झाला. "एकदा फक्त विचारायचं होतंत."

"घरातली वस्तू घ्यायला परवानगी मागू?"

देल्फिनाने वडिलांच्या हातावरचा पिवळा रंग पाहिला, आणि तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

मतदानाच्या दोन दिवस आधी घरोघरी एक गुळगुळीत पत्रक पोचलं. त्यावर माझा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं: "ही बाई दिलेला शब्द पाळत नाही." ज्यांनी कधी शब्दच दिला नव्हता, त्यांना तो मोडल्याचा दोष कोण देणार? ते एक पत्रक छापायला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात माझ्यासारखे कित्येक फलक झाले असते.

देल्फिना दोनशे बारा मतांनी पडली. पाच डॉलर दिलेल्या काही बायका बसथांब्यावर तिच्याकडे बघेनाशा झाल्या. एकजण तर तोंडावर म्हणाली, "आम्ही तुला साधी समजत होतो गं."

आजोबांनी मला उपटून आणलं आणि करवत घेतली. मला वाटलं, संपलं. संपलं असतं तर बरंच झालं असतं. पण देल्फिनाने करवत काढून घेतली.

"पापा, राहू दे. तुम्ही माझ्यासाठीच केलंत ना?"

आजोबा तिथेच उलट्या बादलीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून त्यांनी कुंचला हातात धरलेला नाही. जाताना त्यांनी मला उलटं फिरवलं. लेकीचं नाव त्यांना बघवत नव्हतं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता मी सांगेन की हार मानू नका, पुढच्या वेळी सगळं ठीक होईल. मला तसं सांगता येत नाही. केल्टनसाहेब खुर्चीवर बसलेत, ट्रक वाढलेत, आणि देल्फिना दंडाचे हप्ते भरते आहे. पुढच्या वेळी उभं राहायचं नाव तिने काढलेलं नाही.

म्हणून मोठ्यांकडे काही मागत नाही. तुमच्याकडेच मागतो. दप्तराचा पट्टा आधी घट्ट करा. ट्रक दूर दिसला तरी थांबा. लहान असेल त्याचा हात धरा आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडू नका.

ही भिंत पातळ आहे. चौकातलं सगळं मला ऐकू येतं. आज सकाळी सहा जणांची पावलं शाळेकडे गेली, त्यांत नयेलीची होती. आता दुपार झाली आहे. पाच जणांची परत आली, एकाची अजून नाहीत. मी ऐकतो आहे.