हात न ठरणारी जागा

“ह्यो तुमचा मनोरा व्हय?” छबूबाईने मान मागे टाकली आणि डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला कळले नाही.

लोणी देवकरच्या त्या ऑक्सिजन कारखान्यात खंडेनवमीलाच तेवढे कामगारांच्या घरच्या माणसांना आत सोडत. यंत्रे मात्र पूजेपुरतीसुद्धा थांबत नसत. सहा वर्षे निरवांगीच्या घरी तिचा नवरा आबाजी जेवताना या मनोऱ्याच्या गप्पा सांगे, आणि छबूबाई त्या थापा समजून भाकरी वाढे. आज तो पुढ्यात उभा होता, गावच्या देवळाच्या शिखराहून उंच.

“खालनं कॉम्प्रेसरची हवा येती, चुलीवानी तापल्याली,” आबाजी सांगत होता. “वरनं गार पाणी कोसाळतंय. पाणी खाली, हवा वर. वर पोचंस्तवर पार गारठती, अंगातला ओलावा हितंच टाकती. न्हायतर पुढं त्येचा बरफ हुतोय आन् समदा कारखाना आवळतोय.”

गारठलेली हवा घेऊन वरून उतरणाऱ्या पाइपाला त्याने तिचा हात लावला. बाहेर ऑक्टोबरचे ऊन, आणि पाइपाला दहिवर सुटलेले!

“आगं बया! वाऱ्याला हिवाळा लावताय की तुमी!”

“आन् ही काच. मनोऱ्यात पाणी किती, ते हितं दिसतंय. चढाय लागलं की खालचं चाक फिरवून सोडायचं, ह्येच माजं काम. हिच्यावर आपलं घर हाय.”

तो नारळ फोडायला गेला. आपले घर जिच्यावर, ती काच उघडीबोडकी कशी ठेवायची? छबूबाईने झेंडूचा सगळ्यांत मोठा हार निवडून काच झाकली, वर भंडारा उधळला.

अर्ध्या तासाने आबाजी परतला आणि सवयीने मनोऱ्याच्या कुशीवर तळवा टेकला. त्याचा बाप असाच मेंढीच्या पोटावर हात ठेवून दुखणे ओळखायचा. तापलेली हवा आत शिरते ती ही जागा. इथे हात कधी ठरत नसे.

आज ठरला.

म्हणजे आतले गार पाणी इथवर चढले होते! त्याने धावत जाऊन खालचे चाक दोन्ही हातांनी फिरवले. गटारात पाणी धो धो कोसळले. हार ओढला, तर काच काठोकाठ भरलेली. आणखी थोडा उशीर, आणि हवेबरोबर पाणी पुढे घुसून कारखाना महिनाभर बंद. बारामतीच्या दवाखान्यांचे सिलिंडर रिकामे.

इंजिनियर अजितसाहेब पळत आले. “काचेवर हार? कुणी घातला?”

छबूबाईने तोंड उघडले.

“म्या,” आबाजी आधीच म्हणाला.

“तुम्ही? रोज काच पुसणारे तुम्ही?”

“सणाच्या नादात चुकलं, सायब.”

“उद्यापासून सिलिंडर भरायला जा. मनोऱ्याकडं फिरकायचं नाही.”

साहेब गेले. छबूबाईचे डोळे भरले. “अवं, खरं का न्हाय सांगितलं?”

“पयल्यांदा आलीस. चुकीत कशाला तुझं नाव घ्यायचं?”

पाणी उतरले होते. त्याने तिचा तळवा त्या कुशीवर नेला.

“बघ, ठरतोय का हात?”

“आई गं! भाजलं की!”

“मग बरं हाय,” आबाजी म्हणाला, आणि खिशातल्या फडक्याने काचेवरचा भंडारा पुसू लागला.